आधी पाय बघा: सिनेमातल्या मारामारीतली शैली ओळखण्याची रीत

मारामारीच्या दृश्यात डोळा आपोआप मुठीकडे जातो. शैली ओळखायची असेल तर ही सवय आधी मोडावी लागते. सरळ ठोसा, वळून येणारा ठोसा, खालून येणारा ठोसा हे बहुतेक शैलींत असतातच. खरा फरक पायांच्या ठेवणीत असतो. पाय किती रुंद रोवलेत, वजन कुठल्या पायावर आहे आणि टाच उचललेली आहे की टेकलेली, यावरून पुढचा प्रहार कुठून आणि किती अंतरावरून येणार हे ठरतं.

सुरुवातीला दोन-तीन मिनिटांचं एकच दृश्य घ्या आणि ते तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा. हाँगकाँगच्या जुन्या सिनेमांत सगळा आवाज नंतर भरलेला असे, त्यामुळे हलका फटकासुद्धा कानाला हातोड्यासारखा लागतो आणि कान डोळ्याला फसवतो. दुसऱ्यांदा पडद्याचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि फक्त कमरेखालचं बघा. तिसऱ्यांदा फ्रेमगणिक पुढे जा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ अक्षराचं बटण दाबलं की एकेक फ्रेम सरकते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाचं दाबलं की एक फ्रेम मागे जाता येतं. बघताना चारच गोष्टी टिपा: दोन पावलांतलं अंतर (खांद्यांच्या रुंदीच्या किती पट), वजन कुठल्या पायावर, दोघांमधलं अंतर आणि शरीराचा नेमका कुठला भाग लागला. चौथी नोंद बहुतेक जण टाळतात आणि तिथेच चुकतात. ‘लाथ मारली’ एवढ्यावरून काही कळत नाही. लाथ पंजाने लागली, टाचेने की नडगीने, हे लिहा.

लाथेवरून सुरुवात करा

गोल फिरून येणारी लाथ जवळजवळ प्रत्येक शैलीत आहे, म्हणून सरावाला तीच चांगली. तायक्वांदो आणि कराटेत आधी गुडघा दुमडून वर येतो, लक्ष्याकडे रोखला जातो, मग नडगी चाबकासारखी सुटते आणि तितक्याच झटक्यात परत दुमडते. फटका बसतो पावलाच्या वरच्या भागाने किंवा चवड्याने. थायलंडच्या मुए थाईत ती दुमड फारशी दिसत नाही. पाय जवळजवळ सरळच येतो, कंबर पूर्ण उलटते, जमिनीवरचा पाय चवड्यावर फिरतो, लाथेच्या बाजूचा हात मांडीजवळून खाली झटकला जातो आणि फटका नडगीने बसतो. फ्रेम थांबवून एवढंच तपासा: लागण्याआधीच्या तीन-चार फ्रेममध्ये गुडघा दुमडलेला आहे का? या एका प्रश्नावर अर्ध्या शैली वेगळ्या होतात.

1978 च्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये हा फरक जवळून दिसतो. खलनायक ह्वांग जांग ली हे तायक्वांदोत घडलेले, आणि त्यांची प्रत्येक लाथ गुडघ्यातून उघडते. समोर जॅकी चॅन. हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत-नाट्याच्या, निवासी शाळेत लहानपणापासून कोलांट्या, तोल आणि अभिनय शिकलेले. चॅन यांची ‘मद्यपी मूठ’ बघताना हाताकडे मुद्दाम लक्ष द्या. अंगठा आणि तर्जनी दारूचा पेला धरल्यासारखी वळलेली असतात आणि तोच हात ठोसाही मारतो, गळाही धरतो. शरीर झुलतं, पण नजर समोरच्यावरून हलत नाही. नजरही भरकटली तर ती फक्त नशेची नक्कल आहे, शैली नाही.

विंग चुन: अरुंद जागेतली कला

दक्षिण चीनच्या या शैलीकडे जरा जास्त वेळ द्यायला हवा, कारण 2008 च्या ‘इप मॅन’नंतर ती घराघरात पोहोचली आणि ओळखताना सगळ्यात जास्त गोंधळही हिच्यातच होतो. पाय खांद्याइतकेच रुंद, पंजे किंचित आत वळलेले, गुडघे एकमेकांकडे ओढलेले. शरीराच्या मधोमध, नाकापासून बेंबीपर्यंत, एक उभी रेघ कल्पा. विंग चुनचा सगळा कारभार त्या रेघेभोवती चालतो. कोपर छातीपासून बाहेर जात नाही, मूठ उभी राहते आणि एकामागून एक ठोसे, म्हणजे साखळी ठोसे, त्याच रेघेवरून सुटतात. आधी मारलेला हात परत येताना दुसरा त्याच्यावरून निघतो. लाथा कमरेखाली, गुडघ्यावर किंवा नडगीवर.

हात तीन आकारांत ओळखता येतात: तळवा वर करून बाहेर सरकणारा तान साउ, कोपर वर आणि मनगट खाली असलेला पंखासारखा बोंग साउ आणि समोरच्याच्या हातावर आकड्यासारखा विसावणारा फूक साउ. लाकडी पुतळ्यावरचा सराव दाखवला असेल तर पुतळ्याला तीन हात आणि एक पाय असतो हे लक्षात ठेवा. विंग चुनचे गुरू इप मॅन यांच्या परंपरेत त्यावर 116 हालचालींचा क्रम शिकवतात.

गोंधळ कुठे होतो? साखळी ठोसे दिसले की प्रेक्षक लगेच ‘विंग चुन’ म्हणतो. पण रुंद, खोल पवित्र्यातून मारलेले साखळी ठोसे विंग चुनचे नाहीत. ‘इप मॅन’मधली मारामारी सामो हंग यांनी रचली. मुख्य नट डॉनी येन यांनी ही कला या भूमिकेसाठी शिकली; त्याआधीचं त्यांचं वळण वुशूचं, म्हणजे चीनमधल्या स्पर्धात्मक युद्धकलेचं. दहा कराटेपटूंशी एकट्याने लढण्याच्या प्रसंगात हात विंग चुनचेच राहतात, पण पायांची झेप मधूनमधून त्या अरुंद चौकटीबाहेर जाते. पुठ्ठ्याने वरचा भाग झाकून हा प्रसंग बघा, मग नेमक्या कुठल्या क्षणी जाते ते कळेल.

हिच्या अगदी उलट हुंग गार, हीसुद्धा दक्षिण चीनचीच शैली. पाय खांद्यांच्या दुप्पट रुंद, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर, पंजे सरळ पुढे. हात वाघाच्या पंजासारखे उघडतात किंवा बगळ्याच्या चोचीसारखे मिटतात, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ‘पूल’ म्हणून वापरला जातो: आधी समोरच्याचा हात अडवायचा, त्यावर टेकायचं, मग आत शिरायचं. दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग यांची ही घरची विद्या. त्यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम हे वोंग फेई-हुंग यांचे. म्हणूनच त्यांच्या 1978 च्या ‘द 36थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये पवित्रे इतके खोल आणि ठाम आहेत. कॅमेराही मागे उभा राहून पूर्ण शरीर दाखवतो. शैली शिकायला यासारखे सिनेमे उत्तम.

पात्राची शैली आणि नटाची शैली

वोंग फेई-हुंग हे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंगचे, हुंग गारचे गुरू. क्वान टाक-हिंग यांनी 1949 पासून सत्तराहून अधिक सिनेमांत त्यांची भूमिका केली. 1991 मध्ये हीच भूमिका जेट ली यांनी केली. ली बीजिंगच्या वुशू संघात घडलेले राष्ट्रीय विजेते. त्यामुळे पडद्यावर नाव दक्षिणेच्या गुरूचं, पण लांब पसरलेले हात, उंच उड्या आणि हवेत गिरकी घेणारी लाथ उत्तरेची. म्हणून नोंदवहीत दोन वेगळे रकाने करा: पात्र कुठल्या शैलीचं आहे आणि नट कुठल्या शैलीत घडलाय. शिक्षण नटाच्या पायांत उतरलेलं असतं आणि ते लपत नाही.

शैली बदलते तो क्षण शोधायचा असेल तर ब्रूस ली आणि चक नॉरिस यांची 1972 च्या ‘द वे ऑफ द ड्रॅगन’मधली, रोमच्या कोलोसियममधली लढत घ्या. सुरुवातीला ली ताठ पवित्र्यात लढतात आणि मार खातात. मग पाय उसळू लागतात, मागची टाच उचलली जाते, अंतर सतत बदलत राहतं आणि लढतीचं पारडं फिरतं. हेच ली यांनी स्वतः घडवलेलं जीत कुन डो: जोरदार हात पुढे, आणि समोरचा हलू लागला की त्याच क्षणी त्याला वाटेतच अडवणारा प्रहार. पुढचा हात जोरदार ठेवण्याची कल्पना तलवारबाजीतून घेतलेली आहे. नॉरिस हे टांग सू डो या कोरियन कलेतले, त्यामुळे त्यांच्या लाथा गुडघ्यातून उघडताना दिसतात.

दक्षिण-पूर्व आशिया: जवळची झुंज

टोनी जा यांच्या 2003 च्या ‘ओंग-बाक’मध्ये मुए थाईचं जुनं रूप, मुए बोरान, दिसतं. दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे आणि दोन नडग्या, अशी आठ हत्यारं. नटाने उडी घेऊन समोरच्याच्या टाळूवर कोपर उतरवला किंवा खांद्यावर चढून गुडघा मारला, तर दुसऱ्या शैलीचा विचारसुद्धा करू नका. त्यांच्याच 2005 च्या ‘टॉम-यम-गूंग’मध्ये जिन्यावरची जवळपास चार मिनिटांची लढत एकाच शॉटमध्ये आहे. दम लागल्यावर पायांची ठेवण कशी सैल होते, हे तिथे उघड दिसतं. कापलेल्या दृश्यात ते कधीच दिसणार नाही.

इंडोनेशियाचं पेंचाक सिलाट याहूनही जवळचं. इको उवैस आणि यायान रुहियान यांच्या 2011 च्या ‘द रेड’मध्ये दोघांतलं अंतर बहुतेक वेळ कोपराएवढंच असतं. पाऊल समोरच्याच्या पायामागे त्रिकोणात पडतं, एक हात अडवतो, दुसरा त्याच वेळी मारतो, आणि शेवटी पायाने झाडून समोरच्याला खाली आणलं जातं. मिनांगकाबाउ लोकांच्या व्याघ्र-सिलाटात खेळाडू जवळजवळ चार पायांवर, जमिनीलगत सरकतो. ते बघायचं तर 2009 चा ‘मेरांताउ’.

पकडी आल्या की मराठी प्रेक्षकाला ओळख सोपी जाते, फक्त नावं बदलतात. 2007 च्या ‘फ्लॅश पॉइंट’मध्ये डॉनी येन समोरच्याचे दोन्ही पाय कवटाळून त्याला आडवं करतात, तो आपला दुहेरी पट. ज्युदोतली इप्पोन सेओई नागे म्हणजे हात खांद्यावरून घेऊन पाठीवरून फेकणं, धोबीपछाडीची सख्खी बहीण. कोल्हापुरी लाल माती बघून वाढलेल्या डोळ्याने पकड आणि तोल कधी सुटला तो क्षण टिपायचा. ज्युदोत पकड कपड्यावर असते, कुस्तीत अंगावर. हा फरक पडद्यावर लगेच दिसतो.

कॅमेऱ्याची करामत वेगळी काढा

नोंदीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उडी खरी की वायरने ओढलेली, हे फ्रेम मोजून कळतं. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो. जागेवरून 60 सेंटिमीटर उंच उडणारा माणूस हवेत साधारण 0.7 सेकंद, म्हणजे 17 फ्रेम राहतो; एक मीटर उडाला तर सुमारे 22. उडी घेतलेल्याच पातळीवर तो उतरला आणि तरीही मोजणी 30 च्या पुढे गेली, तर वायर आहे किंवा स्लो मोशन. स्लो मोशन असेल तर धूळ, केस आणि कपड्याची सळसळही मंदावते. वायर असेल तर तेवढाच माणूस मंदावतो, कंबर आधी वर जाते आणि हातपाय मागून लोंबत येतात, कारण पट्टा कमरेला बांधलेला असतो.

वेगाची चलाखी उलट दिशेने चालते. हाँगकाँगमध्ये मारामारी अनेकदा सेकंदाला 22 फ्रेमने चित्रित करत आणि 24 ने दाखवत. वेग सुमारे 9 टक्क्यांनी वाढतो. एवढा फरक हातात कळत नाही, पण कपड्याच्या टोकाच्या फडफडीत आणि खाली पडणाऱ्या वस्तूंत कळतो. जोराच्या फटक्यावर शॉट बदलून तोच फटका काही फ्रेम पुन्हा दाखवण्याची पद्धतही तिथलीच. एकेक फ्रेम सरकवताना हात मागे गेल्यासारखा वाटला, तर फटका दोन नाही, एकच आहे. डुप्लिकेट ओळखायला चेहरा नेमका कधी वळतो ते बघा. कठीण हालचालीच्या आधी कट, मग पाठ, मग पुन्हा कट आणि चेहरा, असा क्रम आला की त्या हालचालीवरून नटाची शैली ठरवू नका.

हत्यारांत एकच कसोटी सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि मराठी ऐतिहासिक सिनेमे बघताना रोज उपयोगी पडते. दांडपट्ट्याची मूठ म्हणजे मनगटापासून कोपराकडचा हात झाकणारं लोखंडी आवरण असतं, आणि आडव्या दांड्याला धरलेलं मनगट त्यात वाकत नाही. म्हणून पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरतो आणि पायांना सतत पवित्रा बदलत राहावं लागतं. पडद्यावर पात्याची फेक मनगटातून गिरक्या घेताना दिसली, तर हातात पट्टा दिला असला तरी नटाला शिकवली आहे ती तलवार.