खाणीत गेलेल्या गावाची वही कशी लिहायची

गावाच्या इतिहासाची वही सातबाऱ्यापासून सुरू करू नका. मी तीच चूक केली. आबाजींच्या वावराच्या आजच्या उताऱ्यावर कंपनीचं नाव आहे, आमचं कुठेच नाही. मागायचे ते जुने फेरफार. तलाठ्याकडे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज टाका.

मग राजपत्र. कोळशाची जमीन बहुतेकदा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने जाते. कलम ४ ची अधिसूचना कोळसा शोधायला, ७ ची जमीन घेण्याचा इरादा सांगायला, ९ ची प्रत्यक्ष घ्यायला. कलम ७ नंतर हरकतीला ३० दिवस असतात. या तारखांसमोर लिहा, गावाला केव्हा कळलं. आमच्याकडे मोजणीवाले धुऱ्यावर उभे राहिले तेव्हा कळलं.

खरा ऐवज निस्तार पत्रकात आहे. चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, जुन्या मध्य प्रांतातला, म्हणून हा कागद आमच्याकडे सापडतो. गुरं कुठे चरायची, सरपण कुठलं, मसणवटा कोणत्या नंबरात, सगळं त्यात असतं. मोबदल्याची यादी त्याच्या शेजारी ठेवून बघा. यादीत वावरवाले आहेत. गायकी म्हणजे गुराखी नाही, सालगडी नाही, मोहफुलं वेचणारी बाई नाही. त्यांना “जमीन किती गेली?” विचारू नका. “आमची कुठं होती जमीन” म्हणतात आणि बोलणं संपतं. “मेलेलं ढोर कुठं टाकायचे?” असं विचारा. तासभर बोलतात.

वही १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापासून सुरू करण्याचा मोह होतो. पण वरोऱ्याला इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकातच खाण काढली होती, त्या कोळशासाठी रेल्वे आणली, आणि १९०६ मध्ये खाण बंदही केली. म्हणून म्हाताऱ्या खाणकामगारांकडून जुन्या भूमिगत खाणींच्या जागा नकाशावर काढून घ्या. घुग्घूसला २०२२ मध्ये एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनी खाण होती.

जमिनीच्या बदल्यात नोकरी लागलेल्यांनाही बोलायला बसवा. आमच्या घरात काकाला लागली, त्याच्या पगारावर मी शिकले. त्या नोकरीसाठी आत्याने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. तिच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले, तेही काकासोबत. ती चहा करत राहिली. आत्यांकडे एकटं जा, आणि त्यांच्या नावाचं पान पहिल्या भेटीत कोरं राहिलं तरी फाडू नका.