चेंबरचा नट हातानेच

आंबा घाटातून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला. संध्याकाळपर्यंत तो वाटीएवढा झाला. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं होतं. तिथल्या मुलाने चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट थेट एअर गनने आवळला होता, त्यात आटे गेले. नवं चेंबर घालावं लागलं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. अण्णांनी तो काढलेला नट घेतला, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हा आधी बोटांनी फिरवायचा असतो गं." तेव्हापासून माझ्या स्विफ्टचं ऑइल मी घरीच बदलते.

पैसे वाचवायला म्हणून हे करू नका. ऑइल आणि फिल्टर दोन्हीकडे विकतच घ्यावं लागतं. वाचते ती मजुरी, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं ती हत्यारांतच जाते. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच न्या, नोंदीही नीट राहतात. खाली सपाट, पक्की जमीन नसेल तरी गॅरेजच बरं. फक्त तिथे उभं राहा. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, जुना फिल्टर हातात मागून घ्या, नट कसा लावतात ते बघा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही.

घरी करायचं ठरलं तर आधी गाडीची पुस्तिका उघडा. माझ्या पेट्रोल स्विफ्टला 0डब्ल्यू-20 ऑइल लागतं, फिल्टरसकट साधारण तीन लिटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातला दाटपणा. "आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल घाला" असं दुकानदार सांगतो. त्याचं ऐकू नका, पुस्तिकेचं ऐका. सोबत नवा फिल्टर आणि नटाचा नवा वॉशर घ्या. वॉशर काही रुपयांचा असतो, पण एकदा दाबला गेला की त्याचं काम संपलं.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, पोळणारं नको. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना ठोकळे लावा. गाडी पुढून जॅकने उचला आणि दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, विटांवर तर नाहीच. गाडीबरोबर येतो तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. घोड्या लावल्यावर गाडी बाजूने ढकलून बघा. हलली तर पुन्हा लावा. हे मी कळकळीने सांगते आहे, बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात.

इंजिनावरचं ऑइल ओतायचं झाकण उघडा, खाली घमेलं सरकवा. नटाला गोटी पाना नीट बसवून सैल करा आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवा. नट वर दाबून धरत फिरवलात तर सुटेपर्यंत ऑइल अंगावर येत नाही. धार आधी बोटाएवढी पडते, मग सुतळीएवढी, मग थेंब. थेंबांपाशी घाई नको, दहा मिनिटं जाऊ द्या. ऑइल काळं असलं म्हणून घाबरू नका, इंजिनातली काजळी पोटात घेणं हेच त्याचं काम. दोन बोटांत चोळून बघा. कचकच लागली किंवा धातूची चमक दिसली तर मेकॅनिकला दाखवा.

नवा वॉशर घालून नट पूर्ण हाताने लावा. आडवा चढतोय असं वाटलं तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने; माझ्या गाडीला तो 35 न्यूटन मीटर आहे.

आता फिल्टर. जुना काढला की त्याची रबरी रिंग त्याच्याच तोंडावर आहे का बघा. माझी एकदा इंजिनालाच चिकटून राहिली होती, काळ्यावर काळी, डोळ्यांना दिसलीच नाही. चिंधीने बैठक पुसताना बोटाला कड लागली म्हणून कळलं. तिच्यावर नवा फिल्टर चढला असता तर दोन रिंगांमधून सगळं ऑइल रस्त्यावर गेलं असतं. नव्या रिंगला ताजं ऑइल लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग आणखी पाऊण फेरा.

गाडी खाली घ्या. नरसाळ्याने ठरल्यापेक्षा पाव लिटर कमी ऑइल ओता. इंजिन सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाही विझला तर लगेच बंद करा. मिनिटभर चालवा, खाली वाकून नट आणि फिल्टर बघा. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून पाहा आणि थोडं थोडं ओतत वरच्या खुणेपर्यंत आणा. खुणेच्या वर नको.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली अजिबात ओतू नका. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. मी ते नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून, उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजमधून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल उचललं जातं तिथे नेऊन देते. तुमच्या गावात तशी सोय आहे का, हे नट सोडायच्या आधीच विचारून ठेवा.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी गाडी काढायच्या आधी तो उजेडात धरून बघा.