रीफ टँकमधलं पाणी उडालं, तर भर गोड्या पाण्याची

रीफ टँकची, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, पातळी उतरली की मिठाचं पाणी ओतावंसं वाटतं. ते टाळा. वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ टाकीतच राहतं आणि क्षारता चढत जाते. म्हणून रोजची तूट गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानंच भरून काढा. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. नळाचं पाणी तर नकोच. त्यातल्या फॉस्फेटमुळे शेवाळ माजतं, आणि तांब्याचा अंश असेल तर तो कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतो.

संप (मुख्य टाकीला जोडलेली खालची टाकी) असेल तर पातळी रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यातच उतरते. तिथे काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंतच भरा. टाकी लहान असेल तर यात अजिबात ढिलाई नको: थोडं पाणी उडालं तरी क्षारता हलते, आणि असे हेलकावे प्रवाळांना सोसत नाहीत. क्षारतेचं लक्ष्य 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे 1.026. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. शुद्ध पाण्यात बरोबर शून्य दाखवणारं यंत्रही 35च्या आसपास चुकू शकतं.