नकाशात आकडे रंगवायला बसण्याआधी

आधी फाइल. आकड्यांचा कॉलम खरंच आकड्यांचा आहे ना, बघा. सीएसव्हीतला (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीतला) कॉलम मजकूर म्हणून वाचला गेला की क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या ग्रॅज्युएटेड (आकड्यांनुसार रंग देण्याच्या) यादीत तो दिसतच नाही आणि आपण सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडत बसतो. माहिती नसलेल्या जागी कुणी -9999 भरून ठेवलंय का, तेही तपासा. नाहीतर लेजेंडचा (रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीचा) पहिला वर्ग, म्हणजे आकड्यांचा पहिला टप्पा, तिथूनच सुरू होतो. शून्य वेगळं आणि माहिती नसणं वेगळं, त्याला स्वतंत्र करडा रंग द्या.

नुसती संख्या रंगवू नका. दर, टक्केवारी किंवा घनता रंगवा. संख्याच दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळं वापरा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. एकाच विषयाचे दोन वर्षांचे नकाशे शेजारी लावणार असाल, तर वर्गसीमा दोन्हींना एकच हव्यात. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. प्रत्येक लेयरवर (नकाशाच्या थरावर) वेगवेगळं ‘क्लासिफाय’ दाबलं आणि प्रत्येकाने आपापल्या आकड्यांवरून सीमा काढल्या. एका वर्षी सर्वांत गडद रंग 40 च्या वर, दुसऱ्या वर्षी 26 च्या वर. दर जवळपास सगळीकडे उतरला होता, नकाशे मात्र जुळ्या भावंडांसारखे. क्वांटाइल (प्रत्येक वर्गात साधारण सारखेच भाग) वापरलंत तर हे हमखास होणार: पाच वर्ग केले की साधारण एक पंचमांश भाग गडद राहणारच, परिस्थिती कितीही सुधारो.

म्हणून दोन्ही वर्षांचे आकडे एकाखाली एक ठेवून सीमा काढा, जमेल तशा गोल करा, हाताने टाका आणि स्टाइल कॉपी करून दुसऱ्या लेयरवर पेस्ट करा. कॉलमचं नाव तिथे वेगळं असेल तर ते जुळवून घ्या. नंतर वर्गांची संख्या किंवा पद्धत बदलायला जाऊ नका, सीमा लगेच नव्याने मोजल्या जातात. वर्षांचा स्लायडर असला तरी हेच: सगळ्या वर्षांना एकच सीमा.

पद्धत निवडण्याआधी हिस्टोग्राम (कोणत्या टप्प्यात किती आकडे आहेत, त्याचा आलेख) बघा. ही पायरी गाळायची नाही. समजा, बहुतेक भागांत घनता 10 ते 300 आहे आणि एकाच शहरात 20,000. समान अंतराचे पाच वर्ग केलेत तर पहिलाच वर्ग जवळजवळ 4,000 पर्यंत जातो. एक शहर गडद, बाकी सगळा नकाशा फिका. क्वांटाइलमध्ये उलट भानगड: जवळपास सारखे दोन आकडे वेगळ्या रंगात जातात आणि 300 व 20,000 एकाच वर्गात बसतात. जॉर्ज जेंक्स यांच्या नावाने ओळखले जाणारे नॅचरल ब्रेक्स एका नकाशासाठी बहुधा चांगले, कारण सीमा आकड्यांतल्या खऱ्या फटींवर पडतात. पण त्या फटी त्याच आकड्यांच्या असतात. दुसऱ्या वर्षाला त्या आपोआप लागू पडत नाहीत, म्हणजे फिरून तेच: सीमा एकच ठेवा! दारिद्र्यरेषेसारखी ठरलेली मर्यादा असेल तर सीमा तिच्यावरच आणा, सॉफ्टवेअर काहीही सुचवो.

वर्ग पाच, फार तर सात. 10–20, 20–30 असं लिहिलंत तर 20 कुठे जातो, ते ठरवा.

रंग कलरब्रुअर या नकाशांच्या रंगसंचांच्या साइटवरून घ्या, रंगांधांना चालणारे. एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा. मध्ये शून्य किंवा सरासरी असेल तरच दोन रंग. इंद्रधनुष्य नको.

वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत) 60 अंश अक्षांशावर क्षेत्रफळ चौपट दिसतं. जगाचा नकाशा असेल तर समक्षेत्र (क्षेत्रफळांचं प्रमाण खरं राखणारं) प्रक्षेपण घ्या.

टाकण्याआधी दोन्ही लेजेंड शेजारी उघडून आकडे वाचा. रंग नव्हे, आकडे. मग फोनवर एकदा बघा, लेजेंड नकाशावर चढत असेल तर खाली सरकवा.