शाळा विकास आराखडा कसा करावा: व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत तुमचं मूल शिकत असेल, तर त्या शाळेला पुढच्या तीन वर्षांत काय लागेल हे मांडण्याचा अधिकार कायद्याने तुमच्या हातात दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. कलम २२ ने त्या समितीवर शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. याच कलमातली पुढची तरतूद प्रत्येक सदस्याने पाठ करावी अशी आहे: शासन किंवा स्थानिक प्राधिकरण (म्हणजे जिल्हा परिषद किंवा नगरपालिका) शाळेला जे अनुदान देईल, त्याचा आधार हा आराखडा असेल. जे आराखड्यात लिहिलेलंच नाही, ते मागायला गेल्यावर तुमची बाजू लंगडी पडते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुख्याध्यापक मार्चअखेरीस मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून एकटेच आराखडा लिहितात आणि वही सह्यांसाठी घरोघर फिरते. याचा सगळा दोष त्यांना देणं योग्य नाही. द्विशिक्षकी शाळेत त्यांच्या अंगावर दोन-तीन वर्ग असतात, पोषण आहाराचा हिशेब असतो, ऑनलाइन माहिती भरणं असतं. पालक पुढे आले तरच हे चित्र बदलेल.

आधी समिती नीट बसवा

महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते, सदस्य सचिव वगळून. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे १६ जणांच्या समितीत १२ पालक आणि ८ महिला. उरलेल्या जागांवर स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली गावातली माणसं येतात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. अल्पसंख्याक शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे.

निवड पालकसभेत होते, म्हणून सभेची वेळ महत्त्वाची. सकाळी अकराला सभा ठेवली की मजुरीला जाणारे आईवडील येऊ शकत नाहीत आणि मग ज्यांना सवड आहे त्यांचीच समिती बनते. सभा संध्याकाळी किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायला सांगा. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे वाडी, तांडा, पाडा, वस्ती असं करत प्रत्येक ठिकाणचं कोणीतरी समितीत आहे ना, हे नावं ठरण्याआधीच पाहा.

डिसेंबरपासून मागे मोजा

केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांनुसार, समिती ज्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा बसली, ते वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी आराखडा तयार हवा. म्हणजे डिसेंबरअखेर. पुढच्या वर्षाच्या मागण्या तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून वर जाण्याचे दिवस हेच असतात, मार्चमध्ये लिहिलेला कागद त्या वाटेला लागत नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची तयारी तर २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. म्हणून माहिती जुलै-ऑगस्टमध्ये गोळा करा, इमारतीची पाहणी सप्टेंबरमध्ये उरका, ग्रामपंचायतीच्या वाट्याचं काम ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा, नोव्हेंबरमध्ये मसुदा लिहा. समितीची बैठक दरमहा अपेक्षित असल्यामुळे हे वेळापत्रक त्याच बैठकांत बसतं.

मुलं मोजा, वर्गवार आणि घरोघर

आराखड्याचा पाया म्हणजे पुढच्या तीन वर्षांत कोणत्या वर्गात किती मुलं असतील याचा अंदाज. हा आकडा चुकला तर शिक्षक, खोल्या, गणवेश, पुस्तकं, सगळंच चुकतं. बहुतेक आराखड्यांत यंदाचा पट उचलून पुढच्या तीन रकान्यांत तसाच भरलेला असतो.

सुरुवात अंगणवाडीपासून करा. सेविकाताईंकडे वयानुसार मुलांची यादी असते. त्यातून पुढच्या तीन वर्षांत पहिलीला कोण येणार हे नावानिशी कळतं. शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवीला मुलं कुठे जातात आणि विशेषतः मुली जातात का, हे लिहा. पाचवीची शाळा लांब असेल आणि वाटेत ओढा असेल, तर तेही आराखड्यात यायला हवं.

मग वस्त्यांवर जा. वीटभट्टी, ऊसतोड, रस्त्याची कामं यांसाठी कोणती कुटुंबं किती महिने बाहेर असतात, मुलं बरोबर जातात की आजीकडे राहतात, हे विचारा. बीडसारख्या जिल्ह्यांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. तुमच्या गावाला त्याची गरज असेल, तर दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आधी मागणी गेलेली हवी. बाहेरून तुमच्या शिवारात आलेल्या कुटुंबांची मुलंही याच मोजणीत धरा, कारण त्यांना प्रवेश नाकारता येत नाही. कधीच शाळेत न आलेली, मधेच सुटलेली आणि अपंगत्व असलेली मुलं वेगळी नोंदवा. त्यांच्या विशेष प्रशिक्षणाचा खर्च आराखड्यात धरायचा असतो.

इमारत आणि शिक्षक कायद्याच्या परिशिष्टाशी ताडून बघा

परिशिष्टात किमान गोष्टी स्पष्ट दिल्या आहेत: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं शुद्ध पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय आणि अडथळ्याविना आत येता येईल असा मार्ग. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा यांना किमान एकेक शिक्षक.

पाहणी करताना ‘आहे की नाही’ यावर थांबू नका. स्वच्छतागृह आहे, पण पाणी नाही, कडी तुटलेली आहे म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, असं असेल तर तसंच लिहा. ही पाहणी समितीतल्या महिला सदस्यांनी करावी आणि वरच्या वर्गातल्या मुलींशी त्यांनीच बोलावं.

नियमांत थेट सांगितलेलं नसलं, तरी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: मुलांना वाचता येतं का ते पाहा. शिक्षकांना सोबत घेऊन तिसरीपासून पुढच्या प्रत्येक मुलाकडून एक साधा परिच्छेद वाचून घ्या. किती मुलं अडखळतात हा आकडा आराखड्याच्या पहिल्या पानावर असावा. इमारत ज्यासाठी बांधायची, ते हेच.

लिहिताना पैसा कुठून येणार तेही लिहा

तीन वर्षांचा एक आराखडा आणि त्यात दरवर्षीचा एक, असे तीन उपआराखडे करायचे असतात. प्रत्येक मागणीपुढे किती, कोणत्या वर्षी, कोणत्या निधीतून आणि पाठपुरावा कोण करणार, हे लिहा. ‘शाळा दुरुस्ती’ एवढ्यावर भागत नाही. ‘दुसरीच्या खोलीचे पत्रे गळतात, पहिल्या वर्षी बदलणे, कनिष्ठ अभियंत्याचं अंदाजपत्रक सोबत जोडले आहे’ असं लिहिलं की पुढच्या टेबलावर प्रश्न कमी येतात.

समग्र शिक्षा योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटानुसार १०,००० ते १ लाख रुपये असतं आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. किरकोळ कामं यात बसतात. स्वच्छतागृह आणि पाणी यांसाठी ग्रामपंचायतीकडे जा: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची मागणी मात्र पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडेच जाते. धोकादायक खोली पाडायची असेल, तर आधी तिच्या निर्लेखनाला, म्हणजे ती वापरातून कायमची बाद ठरवायला, मंजुरी लागते. त्यामुळे निर्लेखनाचा प्रस्ताव पहिल्या वर्षात आणि नवी खोली दुसऱ्या वर्षात धरा.

मंजुरी, सही, पोहोच

मसुदा पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या करून समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. अध्यक्ष आणि सदस्य सचिव यांच्या सह्या झाल्या की आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या आत स्थानिक प्राधिकरणाकडे पोहोचला पाहिजे. केंद्रप्रमुखांना एक प्रत द्या, गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिलेल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. हा शिक्का नसेल, तर वर्षभराने आराखडा दिला होता हे सिद्ध करणं कठीण जातं.

पुढे दर महिन्याच्या बैठकीत किती काम झालं ते बघा, अनुदानाचा जमाखर्च वाचा, इतिवृत्त लोकांना पाहता येईल असं ठेवा. मुलांच्या हक्काची गोष्ट अडूनच राहिली, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

समितीची मुदत दोन वर्षांची आणि आराखडा तीन वर्षांचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं काम नव्या समितीच्या वाट्याला येतं. नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत जुन्या अध्यक्षांनी फाइल हातात द्यावी: शिक्का असलेली प्रत, अंदाजपत्रकं, सगळा पत्रव्यवहार आणि राहिलेल्या कामांची यादी. ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत अशा एक-दोन जुन्या सदस्यांना पालकसभेने पुन्हा निवडलं, तर अर्धवट पाठपुरावा सुटत नाही.