वारंवार हँग होणारा घरचा संगणक: फॉरमॅटच्या आधी काय तपासावे

काम करता करता संगणक अडकला, माउस हलेनासा झाला, की बहुतेकांच्या तोंडी पहिला सल्ला येतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. माझा संगणक एका उन्हाळ्यात असा दोनदा फॉरमॅट झाला. दोन्ही वेळा आठवडाभर बरा चालला आणि पुन्हा भर दुपारी अडकू लागला. शेवटी दोष सापडला तो प्रोसेसरच्या (संगणकाची मुख्य चिप) पंख्याखाली, तिथे साचलेल्या रुईच्या थरात. जळगाव-धुळ्याकडचे ऊन, जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारी रुई आणि गावोगावचे विजेचे चढउतार पाहता आपल्याकडे आधी यंत्र तपासावे आणि विंडोजकडे नंतर वळावे, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात वहीने करावी. संगणक अडकला की वेळ, त्या क्षणी चालू असलेले काम, खोलीतील दिवे मंद झाले होते का आणि सुरू केल्यापासून किती वेळ झाला होता, एवढे लिहून ठेवावे. अशा चार-पाच नोंदींतून पुष्कळ उलगडते. नेहमी दुपारीच अडकत असेल तर उष्णतेचा, शेतपंप सुरू झाले की अडकत असेल तर विजेचा, फाइल उघडताना किंवा साठवताना अडकत असेल तर हार्डडिस्कचा आणि एकाच प्रोग्रामवर अडकत असेल तर त्या प्रोग्रामचा किंवा तो वापरत असलेल्या ड्रायव्हरचा (यंत्राचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) संशय प्रथम घ्यावा.

संगणक अडकलेला असतानाच एक सोपी परीक्षा करता येते. कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे, फक्त कशात तरी गुंतले आहे. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि कोणता प्रोग्राम प्रोसेसर किंवा डिस्क खात आहे ते पाहावे. केवळ पडदा गोठला असल्याची शंका असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कॅप्स लॉकचा दिवाही ढिम्म असेल तर दोष बहुधा खोलवर, म्हणजे रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), वीजपुरवठा, उष्णता किंवा ड्रायव्हर यांत असतो.

आता उष्णता. मे महिन्यात भुसावळ-जळगाव परिसरात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पंख्यावर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड राहू शकत नाही. तो फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडल्यास यंत्र एकाएकी बंद होते. बहुतेक प्रोसेसरची ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम टाकून, काम चालू असताना आकडा सतत ९० च्या वर राहतो का ते पाहावे. त्याहून साधी पद्धत म्हणजे कॅबिनेटची बाजू काढून समोर टेबलफॅन लावणे. तेवढ्याने अडकणे थांबले तर निदान झालेच समजावे.

सफाई करण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पंख्याचे स्क्रू किंवा क्लिपा सोडवून तो उचलल्यावर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर घोंगडीच्या तुकड्यासारखा दाट करडा थर दिसतो. वरून ब्रश फिरवून तो निघत नाही, उलट फटींत आणखी घट्ट बसतो. म्हणून चिमट्याने कडेने सोडवून तो अख्खा उचलावा आणि मग मऊ ब्रशने पाती साफ करावीत. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण वाऱ्याने तो गरगर फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. हीटसिंक काढलाच, तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. संगणक कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये. ओलसर हवेने धूळ चिकट होते आणि जोडण्यांवर गंज चढतो.

विजेचा संशय असल्यास मल्टीमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) एसी व्होल्टच्या खुणेवर ठेवून सॉकेटमधील विजेचा दाब त्या ठरावीक वेळी मोजावा. २३० च्या जागी १८० व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर फॉरमॅटने काय साधणार? घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरील मोडचे बटण ‘यूपीएस’वर आहे ना हे पाहावे. साध्या मोडमध्ये तो बराच कमी दाबही तसाच पुढे सोडतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास अधिक वेळ घेतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात पाणी ओतण्याची जुन्या वायरमनची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. संगणकाचा एसएमपीएस (आतील भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र कधीही उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

हार्डडिस्कचा रोग असेल तर माउस फिरतो, पण काहीच उघडत नाही, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राहतो आणि कधी आतून टकटक ऐकू येते. अशा वेळी सर्वांत आधी फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, गुणपत्रिका असा महत्त्वाचा ऐवज दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि मगच तपासणीला हात घालावा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजमधील डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवल्यास तिच्यावर आणखी ताण येतो. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ‘कॉशन’ (सावधान) असे दिसले आणि प्रलंबित सेक्टरांची (डिस्कवरील नीट वाचता न येणाऱ्या जागांची) संख्या वाढत असली तर डिस्क बदलावी. सीआरसी चुकांचा (डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुका) आकडा वाढत असेल, तर मात्र दोष बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो आणि थोडक्यात भागते.

रॅमसाठी फार काही लागत नाही. पट्टी काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसावेत, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत ती नीट बसवावी आणि विंडोजमध्येच असलेला रॅम तपासणारा विंडोज मेमरी डायग्नोस्टिक हा प्रोग्राम चालवावा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस वापरून पाहावे.

एवढे करूनही अडकणे थांबले नाही तर विंडोजकडे वळावे. सेफ मोडमध्ये (अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू करण्याची पद्धत) संगणक तासन्‌तास नीट चालत असेल तर ड्रायव्हर किंवा आपोआप सुरू होणारे प्रोग्राम दोषी धरावेत. एकाच संगणकावर दोन अँटीव्हायरस हा तर हमखास आढळणारा घोटाळा आहे. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून कोणी एसएमपीएस बदलायला सांगितल्यास लगेच मान डोलावू नये. यंत्र रीतसर बंद न होता थांबले, एवढेच ती नोंद सांगते. अडकल्यावर आपण स्वतः बटण दाबून बंद केले तरी ती उमटते. तिच्या आधीच्या काही मिनिटांत डिस्कच्या किंवा डिस्प्लेच्या चुका नोंदल्या आहेत का, ते वाचावे.

मदरबोर्डवरील (सर्व भाग जोडलेली मुख्य पाटी) एखादा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा नळकांडीसारखा भाग) डोक्यावर फुगलेला दिसला किंवा एसएमपीएसमधून जळका वास आला, तर घरचे प्रयोग थांबवून यंत्र दुकानात न्यावे. नेताना नोंदींची वही सोबत द्यावी, डेटाची प्रत घरी ठेवावी आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये असे पावतीवरच लिहून घ्यावे.