पालक बैठकीला लोक टिकत नाहीत? या चुका टाळा

लेकरं न मारता कशी वाढवायची, यासाठी आम्ही गावात पालक बैठका घेतो. पहिल्या बैठकीला अंगणवाडी भरते, तिसरीला चार बाया अन् दोन बुढ्या उरतात. मग अहवालात लिहून मोकळं व्हायचं, ‘पालक उदासीन’. हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ज्या घरांत लेकरांना मारझोड होते त्यांची यादी उघड करणं. यवतमाळकडच्या एका गावात नव्या कार्यकर्त्यानं फिरायचा कंटाळा म्हणून ती यादी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाचली. सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना! दुसऱ्या दिवशी एका सासूबाईंनी आम्हाला दारातच अडवलं, “माह्या सुनेचं नाव भोंग्यावर घेतलं ना तुमी? आता कायले आले?” सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, तेव्हा कुठं त्या घरात आमच्यासाठी सतरंजी पडली.

मी अंगणवाडीतल्या सगळ्याच लेकरांच्या घरी निरोप देते. विषय जेवण, झोप, हट्ट. जिथली काळजी वाटते तिथं आदल्या सांजेला स्वतः जाते, चहा घेते, बैठकीचं शेवटी बोलते. वेळ लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी हे काम घेऊ नये.

दुसरं, वेळ. कापूस किलोवर वेचला जातो, त्यामुळे वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बसलेल्या बाईची मजुरी बुडते. तेव्हा बैठक सांजेला, कापसाचं वजन झाल्यावर, पाऊण तासात आटपायची. भंडारा-गोंदियात धानाची रोवणी, गडचिरोलीत मे महिन्यातला तेंदूपत्ता, या दिवसांत बैठक नकोच, घरीच भेटा.

एक खाडा पडला की नाव कापू नका. दुसऱ्या दिवशी जा, लेकराचा ताप उतरला का ते विचारा.

फक्त आईलाच बोलावू नका. बाप पानठेल्यावर भेटतो, पण अंधार पडायच्या आत गाठा.

हजेरीसाठी १०९८ ची, म्हणजे लेकरांच्या हेल्पलाइनची, धमकी तर अजिबात नको. तो नंबर लेकरासाठी आहे. उलट ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्दही देऊ नका. लेकरावरचा लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकून बैठक झाली म्हणणाऱ्यांनो, घरातला एकुलता फोन बहुतेक वेळा बापाच्या खिशात असतो, आणि तो वावरात.